दुधाची दाढ : ब विंगच्या ग्रुपवरील चर्चा

ब-३०३ : नमस्कार. माझ्या साडेपाच वर्षांच्या मुलीची खालची दाढ रात्रभर ठणकत होती. त्यात काळा खड्डाही दिसतो आहे. संध्याकाळी बागेत मुलांना चिकट गोळ्या कोण वाटते, हे सर्वांना ठाऊक असल्यामुळे नाव घेत नाही. गेल्या वर्षीच विनंती केली होती.

ब-१०१ : ताई, रोख माझ्याकडे आहे, हे समजले. मुले प्रेमाने जवळ येतात म्हणून देतो. शिवाय ते दुधाचे दात आहेत, पडणारच आहेत.

ब-४०२ : काका, दंतवैद्य म्हणून आदरपूर्वक सांगते. पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडतात, परंतु दुधाच्या दाढा साधारण ९ ते १२ व्या वर्षांपर्यंत राहायच्या असतात. मुलीची दाढ आताच काढावी लागली, तर शेजारचे दात मोकळ्या जागेत सरकतात आणि खालून येणाऱ्या कायमच्या दाताची वाट अडते. म्हणून मग जागा राखणारी तार बसवावी लागते. ताई, दाढ रात्री आपोआप ठणकते, म्हणजे कीड बहुधा दाताच्या आतल्या नसेपर्यंत गेली आहे. एक्स-रे पाहून नसेवर उपचार करतात आणि वर स्टीलची टोपी बसवतात.

ब-२०४ : आमच्या मुलाला केवळ औषध लावले होते, इंजेक्शनही दिले नाही. एवढा खटाटोप खरोखरच आवश्यक आहे का?

ब-४०२ : ते सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड असावे. त्याने कीड थांबू शकते, मात्र किडलेला भाग काळा पडतो. नस दुखावलेल्या दाढेवर तो उपाय नव्हे.

ब-१०१ : पुन्हा नम्रपणे सांगतो, पडणारेच दात आहेत. आमच्या लहानपणी लवंगेच्या तेलाने भागत असे.

ब-३०३ : काका, रात्रभर रडणाऱ्या मुलीला हे मी कसे समजावू?

सचिव : दोघांनाही विनंती आहे की, वैयक्तिक उल्लेख टाळावेत.

ब-३०१ : माझी नात दुधाची बाटली तोंडात धरूनच झोपते. सुनेला सांगितले, तर तिला राग येतो. पेस्ट मात्र गिळेल या भीतीने आम्ही देत नाही.

ब-४०२ : आजी, ती बाटली बंद करायलाच हवी, कारण झोपेत लाळ कमी सुटते आणि दूध दातांवर साचून राहते. फ्लोराइडची पेस्ट अवश्य द्या : तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, त्यानंतर सहा वर्षांपर्यंत मटाराएवढी. काका, गोड किती खाल्ले यापेक्षा ते दिवसातून किती वेळा खाल्ले, हे अधिक महत्त्वाचे असते. आपली एक गोळी दाढेत चिकटून बराच वेळ आम्ल तयार करत राहते.

ब-१०१ : गोळ्या बंद करतो. दातांविषयीचे माझे मत मात्र कायम आहे.

ब-३०३ : आभारी आहे, काका. उद्या पंचवटीतील दंत महाविद्यालयाच्या बालदंत विभागात मुलीला दाखवणार आहोत.

ब-४०२ : तत्पूर्वी गालावर सूज किंवा ताप आला, तर उद्याची वाट पाहू नका, रात्रीच मला फोन करा.