बायोप्सीत ‘इंटेस्टायनल मेटाप्लेझिया’ आलंय, पुढे काय?

शंकेखोर:
रिपोर्ट एवढाच आहे: ‘अँट्रम: क्रॉनिक गॅस्ट्रायटिस, फोकल इंटेस्टायनल मेटाप्लेझिया. डिस्प्लेझिया नाही. एच. पायलोरी आढळले नाहीत.’ (अँट्रम म्हणजे जठराचा खालचा भाग, क्रॉनिक गॅस्ट्रायटिस म्हणजे अस्तराची जुनाट सूज, फोकल म्हणजे थोड्याच जागी, इंटेस्टायनल मेटाप्लेझिया म्हणजे जठराच्या अस्तराचं आतड्यासारखं होणं, डिस्प्लेझिया म्हणजे कॅन्सरपूर्व पेशीबदल, एच. पायलोरी म्हणजे जठरात राहणारे जंतू.) यावरून कॅन्सरचा धोका किती ते ठरवता येतं का? दुर्बीण (एंडोस्कोपी) पुन्हा कधी? आणि एच. पायलोरी नाही म्हणजे तो विषय मिटला ना?

काचपट्टी:
मिटला नाही. सगळ्यात जास्त गफलत तिथेच होते. हे जंतू जठराच्या मूळ अस्तरावर राहतात. आतड्याच्या धाटणीच्या झालेल्या अस्तरावर सहसा टिकत नाहीत. तुकडा नेमका तिथला निघाला, तर शेजारी जंतू असूनही सूक्ष्मदर्शकाखालच्या काचेवर काही दिसत नाही. त्यात पॅन्टोप्राझोल किंवा ओमेप्राझोल (आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या) चालू असेल तर जंतूंची संख्या आणखी घटते. म्हणून श्वासाची किंवा शौचाची अँटिजेन तपासणी करून घ्या. त्याआधी या गोळ्या किमान २ आठवडे आणि अँटिबायोटिक व बिस्मथ ४ आठवडे बंद हवेत. (अल्सरमधून रक्तस्राव होऊन गेला असेल तर गोळी परस्पर बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.)

आता मेटाप्लेझिया. बहुतेक वेळा एच. पायलोरीमुळे अस्तर वर्षानुवर्षं सुजलेलं राहतं, ग्रंथी झिजतात आणि त्यांच्या जागी आतड्यासारख्या पेशी येतात. अल्शियन ब्लू रंग दिला की त्यातल्या गॉब्लेट पेशी (आतड्यातल्या, म्युसिन म्हणजे चिकट स्राव बनवणाऱ्या) ठसठशीत निळ्या उठतात. ‘कम्प्लीट’ प्रकार लहान आतड्यासारखा: पेशींना नीट ब्रश बॉर्डर (ब्रशसारखी बारीक झालर) असते. ‘इनकम्प्लीट’ मोठ्या आतड्याकडे झुकतो: बॉर्डर नसते आणि म्युसिनचे थेंब लहानमोठे, वेडेवाकडे. धोका या दुसऱ्यात जास्त. रिपोर्टात प्रकार नसेल तर पॅथॉलॉजिस्टकडे विचारा. बहुधा त्याच काचेवरून सांगता येतो, नवा तुकडा लागत नाही.

आडवीदुर्बीण:
‘फोकल’ वाचून निर्धास्त होऊ नका, घाबरूही नका. तुकडा जेमतेम काही मिलिमीटरचा, आणि मेटाप्लेझिया असतं ठिगळाठिगळांनी. नुसत्या अँट्रमच्या तुकड्यांवरून पसारा कळतच नाही. सिडनी पद्धतीत ५ तुकडे घेतात: अँट्रममधून २, कॉर्पसमधून (जठराचा मुख्य भाग) २, इन्सिसुरावरून (या दोहोंमधला वळणाचा भाग) १. कॉर्पसचे तुकडे वेगळ्या बाटलीत हवेत. सगळे एकाच बाटलीत टाकले की कुठला कुठचा ते शोधणं अवघड, मग मेटाप्लेझिया किती आणि कुठवर ते मोजणारी ऑलगिम श्रेणी (० ते ४) लावणार कशी? श्रेणी ३ किंवा ४ असेल तर धोका जास्त धरतात.

२०१९ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे अँट्रम आणि कॉर्पस दोन्हीकडे असेल तर दर ३ वर्षांनी चांगल्या दर्जाची एंडोस्कोपी. शिवाय आई-वडील किंवा भावंडांत जठराचा कॅन्सर असेल तर १ ते २ वर्षांनी. एकाच जागी असेल, पण असा कौटुंबिक इतिहास, इनकम्प्लीट प्रकार किंवा न हटणारा एच. पायलोरी असेल, तर ३ वर्षांनी करायचा विचार होतो. यातलं काहीच नसेल तर नियमित पाळत लागत नाही. दर सहा महिन्यांनी दुर्बीण घालण्यात काही हशील नाही. डिस्प्लेझिया निघाला तर मात्र हिशेबच वेगळा: आधी दुसऱ्या अनुभवी पॅथॉलॉजिस्टकडून खात्री आणि लगेच पुन्हा एंडोस्कोपी.

शंकेखोर:
जंतू सापडले आणि औषध घेतलं, तर अस्तर पूर्ववत होतं?

काचपट्टी:
सूज उतरते, झीज काही जणांत भरून येते. मेटाप्लेझिया मागे हटेलच असं नाही. तरी जंतू घालवायचेच, कारण पुढची घसरण त्याने मंदावते. कोर्स संपल्यावर किमान ४ आठवड्यांनी श्वासाची किंवा शौचाची तपासणी पुन्हा करा, पॅन्टोप्राझोलसारख्या गोळ्या २ आठवडे थांबवूनच. रक्तातल्या अँटिबॉडी इथे कुचकामी: जंतू गेल्यावरही त्या दीर्घकाळ पॉझिटिव्ह राहतात. सिगारेट सोडा, मीठ कमी करा.

आडवीदुर्बीण:
एक राहिलं. पुढच्या बायोप्सीत अँट्रम जवळपास साफ आणि झीज फक्त कॉर्पसमध्ये निघाली, तर ऑटोइम्यून गॅस्ट्रायटिस (आपलीच प्रतिकारशक्ती जठराच्या अस्तरावर उलटते तो) डोक्यात ठेवा. पराएटल (आम्ल बनवणाऱ्या) पेशींविरुद्धच्या अँटिबॉडी, बी-१२ आणि फेरिटिन (लोहाचा साठा) तपासायला सांगा.