गाडीतल्या घराची खडखड: तुम्ही कशी थांबवलीत?

नमस्कार मंडळी. व्हॅनमध्ये बेड, ओटा, कपाटं सगळं घरच्या घरी बसवून आता दुसरं वर्ष चालू आहे. गाडी उभी असली की आत फार छान वाटतं पण चाकं फिरायला लागली की मागून जो काही आवाज सुरू होतो तो विचारू नका. मी एकटी असते तर गाणी लावून दुर्लक्ष केलं असतं, पण बाबा सोबत असतात आणि ते कानाला मशीन लावतात. ज्यांच्या घरी कुणी असं मशीन वापरतं त्यांना माहीत असेल, चमच्यावर चमचा आपटला तरी तो आवाज त्यातून फार टोकदार येतो. गाडी निघाली की पाच मिनिटांत बाबा मशीन काढून खिशात ठेवतात आणि मग उतरेपर्यंत आमचं बोलणं बंद. म्हणून हा विषय मी मनावर घेतलाय.

मला आत्तापर्यंत जे उमगलंय ते आधी सांगते. सगळ्यात उपयोगी पडलं ते आवाजाला नीट नाव देणं. नुसतं "मागे काहीतरी वाजतंय" म्हणून काही हाती लागत नाही. खडखड म्हणजे दोन कडक वस्तूंमध्ये फट आहे आणि त्या एकमेकींवर आपटतायत. किणकिण असेल तर काच किंवा पातळ धातू. करकर, कुरकुर असेल तर तिथे फट नसतेच, उलट दोन गोष्टी घट्ट टेकलेल्या असतात आणि अडकत घसरत अडकत घसरत चाललेल्या असतात. आणि भुणभुण म्हणजे एखादा पातळ पत्रा किंवा फळी इंजिनाच्या थरथरीबरोबर थरथरतेय. खडखडीला दाब द्यायचा नाहीतर मध्ये मऊ काहीतरी घालायचं. करकर मात्र अर्धवट आवळल्याने कधीकधी वाढतेच, तिथे दोन पृष्ठभाग वेगळे करावे लागतात. मी पहिले चार महिने करकरणारे स्क्रूच आवळत बसले होते.

दारं आणि चमचे जमलेत. राहिलाय एकच आवाज: डावीकडे वळताना एकदाच 'टक्'. सरळ रस्त्यावर कधीच नाही, खड्ड्यात नाही, उजवीकडे वळताना नाही. कुणाला असा अनुभव आहे का? आणि तुमच्या गाडीतलं सगळं लिहा, बारीकसारीकसुद्धा.

*

आमच्याकडे नव्वद टक्के आवाज ओट्याजवळच निघाला. शेगडीवरच्या लोखंडी जाळ्या सगळ्यात वाईट. आता निघताना जाळ्या उचलून टॉवेलात गुंडाळून सिंकमध्ये ठेवतो, पण शेगडी पूर्ण गार झाल्यावरच, ही सवय घरातल्या सगळ्यांना लावलीय. शेगडीवरच्या काचेच्या झाकणाला चार कोपऱ्यांत ती पारदर्शक रबरी बटणं चिकटवली, किणकिण जागच्या जागी बंद. ताटल्यांच्या मध्ये फेल्टच्या, म्हणजे जाड मऊ नमद्यासारख्या कापडाच्या चकत्या, ग्लासांना जुने मोजे. चमच्यांच्या ड्रॉवरमध्ये खाली अँटीस्लिप मॅट सगळेच घालतात, ती पुरत नाही कारण चमचे वर उडतात, म्हणून ड्रॉवरच्या वरच्या फळीला खालून जाड फोमचा तुकडा चिकटवला, ड्रॉवर बंद केला की तो चमच्यांना वरून अलगद दाबून धरतो. आणि एक, अर्धं भरलेलं कपाट सगळ्यात जास्त वाजतं. मोकळी जागा राहिली की आम्ही त्यात कपडे कोंबतो.

*

कुठून येतोय ते शोधायची माझी पद्धत सांगतो. मागे माणूस उभा करून गाडी चालवू नका, ब्रेक लागला तर काय होईल. मी फोन ठेवतो. रेकॉर्डिंग चालू करून आधी ओट्याच्या खणात, त्याच रस्त्यावरून दुसऱ्यांदा बेडखाली, तिसऱ्यांदा वरच्या कपाटात. प्रत्येक वेळी रस्ता तोच आणि स्पीड तोच. जिथे रेकॉर्डिंगमध्ये आवाज सगळ्यात मोठा तिथे तो किंवा त्याच्या शेजारी. त्याआधी एक फेरी मात्र पूर्ण रिकाम्या गाडीने मारायची, एकही वस्तू न ठेवता, कारण रिकामी गाडी वाजली तर फर्निचरचा दोष आणि नाही वाजली तर सामानाचा, निम्मं काम तिथेच होतं. उभ्या गाडीत मुठीने ठोकूनही बरंच कळतं. प्रत्येक फळीवर ठोकायचं आणि दुसरा हात शेजारच्या फळीवर ठेवायचा, आवाज हातालाही जाणवतो.

*

मी सुतारकाम करतो आणि लोकांच्या गाड्यांतलं फर्निचर दुरुस्त करून देतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. घरातलं कपाट आणि गाडीतलं कपाट यात मूळ फरक हा की घराची भिंत हलत नाही. गाडीची बॉडी पिळते, एक चाक खड्ड्यात गेलं की अख्खा सांगाडा थोडासा मुरडतो, आणि आपण आत केलेला बॉक्स चौकोनी आणि ताठ असतो, त्याला मुरडता येत नाही. मग पीळ कुठेतरी निघतो, म्हणजे स्क्रूच्या भोकात निघतो. भोक दर फेरीला केसभर मोठं होत जातं आणि सहा महिन्यांनी लोक म्हणतात की आधी वाजत नव्हतं. पार्टिकल बोर्डच्या, म्हणजे भुसा दाबून केलेल्या फळीच्या कडेत मारलेले स्क्रू तर टिकतच नाहीत. प्लाय घ्या, सांधे गोंद आणि स्क्रू दोन्हीने करा, आणि जिथे लाकूड पत्र्याला किंवा बॉडीच्या रिबला, म्हणजे आतल्या आडव्या-उभ्या पट्टीला टेकतं तिथे मध्ये रबराची नाहीतर फेल्टची पट्टी हवीच हवी. ती राहिली की करकर ठरलेली. पत्र्यात थेट स्क्रू मारू नका, रिवेट नट, म्हणजे पत्र्याच्या भोकात पक्का बसणारा आट्यांचा नट बसवून त्यात बोल्ट लावा, आणि बोल्ट सैल होत असतील तर नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेला, सैल न होणारा) किंवा थ्रेडलॉकर (आट्यांना लावायचा गोंद) वापरा, तो निळा, लाल नको कारण लाल निघता निघत नाही.

आणखी एक. कपाट आणि भिंत यांच्यात ४-५ मिलिमीटर अंतर मोकळं सोडायला लोक घाबरतात, फट दिसते म्हणून. पण धड मोकळं तरी हवं नाहीतर धड घट्ट तरी. मधलं, म्हणजे नुसतं टेकलेलं, तेच वाजतं. फट झाकायची तर मऊ रबरी पट्टीने झाका.

*

बेडच्या लाकडी पट्ट्या करकरत होत्या. साधी मेणबत्ती घासली पट्ट्यांच्या टोकांना आणि खोबणीत. बंद. दोनतीन महिन्यांनी परत घासावी लागते एवढंच.

*

वरच्या मेणबत्तीला पूर्ण पाठिंबा. फक्त फोम टेपबद्दल सावध करायचंय. मी हौसेने सगळ्या दारांच्या आत ५ मिलिमीटरची टेप लावली, दारं वाजायची थांबली पण बंद करायला जोर लागायला लागला आणि दोन पुश बटणांच्या कुलपांचं प्लास्टिक आतून तुटलं, त्यातलं एक कपाट चालू गाडीत उघडलं. आता २-३ मिलिमीटरची लावते आणि टेप साधारण अर्धी दबेल एवढीच कडी सरकवते. मॅग्नेटवर मात्र वरचं कपाट ठेवू नका, ब्रेक मारला की मॅग्नेट सामान अडवत नाही, तिथे अडकणारी कडीच पाहिजे.

*

आमची तक्रार वेगळी होती. सिग्नलला गाडी उभी राहिली की भुणभुण आणि निघाली की गायब. याचं कारण समजल्यावर फार बरं वाटलं. चार सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक फेऱ्यात दोन स्फोट होतात, म्हणजे ८०० आरपीएमला (मिनिटाला ८०० फेरे) सेकंदाला साधारण २७ धक्के, आणि आमच्या बाजूच्या पॅनेलला नेमकी तीच लय मानवत होती. पॅनेल काढून मागच्या पत्र्याला ब्यूटाइल शीट, म्हणजे थरथर शोषणारी जड चिकट रबरी शीट लावली. पूर्ण पत्रा मढवायची गरज नसते, मधला पाव ते एकतृतीयांश भाग पुरतो, बाकी नुसतं वजन वाढतं. पॅनेल उघडलंच होतं तर आतल्या वायरींना दर वीतभर अंतरावर कापडी टेप गुंडाळली, ती गाड्यांच्या वायरिंगला असते तशी मऊ लवदार. साधी प्लास्टिकची चिकटपट्टी नका वापरू, उन्हात तिचा गोंद पाघळतो आणि वायरी पुन्हा सुटतात. पाण्याच्या पाइपलाही तेच. खिडकीच्या रोलर पडद्याच्या पेटीत स्पंजची पातळ पट्टी सरकवली, त्यानेही बराच फरक पडला.

*

टायर बघितलेत का कुणी? मी टायरवर छापलेला सर्वात मोठा आकडा बघून ८० पीएसआय भरत होतो. तो कमाल आकडा असतो, आपल्या वजनाचा नव्हे. पाणी, सामान, माणसं सगळं धरून वजनकाट्यावर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळी मोजली आणि टायर कंपनीच्या तक्त्यातून प्रेशर काढलं. माझा आकडा घेऊ नका, आपापलं वजन करा, कमी हवा जास्त धोकादायक. पण एवढं केल्यावर निम्मी खडखड आपोआप गेली, मी तोवर फेल्टचे दोन रोल संपवले होते.

*

सगळ्यांना कळकळीने सांगायचंय, प्रत्येक आवाज दाबायचा नसतो. आमच्याकडे ड्रायव्हरच्या मागे हलकी ठकठक यायची, मी तिथे स्पंज कोंबला आणि विसरलो. पुढे मेकॅनिकने बघितलं तर मागच्या सीटचा बोल्ट अर्धा बाहेर आलेला, त्या सीटवर माझा मुलगा बसतो. तेव्हापासून नवा आवाज आला की आधी सीट, बेल्ट, गॅसचा सिलिंडर, चाकं, मग फर्निचर. आणि गॅसच्या कप्प्याच्या तळाला जी भोकं असतात ती फोमने बुजवू नका, वाऱ्याची शीळ येत असली तरी. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर त्याला बाहेर पडायला खालीच मोकळी जागा लागते. फ्रिजच्या मागची हवा जायची जागाही मोकळी ठेवा.

*

ताई, तुमच्या 'टक्' बद्दल. डावीकडे वळताना सगळं उजवीकडे ढकललं जातं. म्हणजे गाडीच्या आडव्या दिशेने सरकणारं, उजवीकडे तोंड असलेलं काहीतरी असणार. असा एखादा ड्रॉवर आहे का? हाताने हलवून बघितला असेल तर तेवढ्याने कळणार नाही, ड्रॉवर जड असेल तर हाताला हलत नाही पण वळणावर हलतो. पूर्ण भरलेला असताना पुढून जोरात ओढून बघा, कुलूप न उघडता.

*

दादा, सापडलं! बेडखालचा हत्यारांचा ड्रॉवर, उजव्या बाजूला उघडणारा, आत बारा किलो तरी वजन असेल. कुलूप लावूनही ओढला तर ३ मिलिमीटर पुढे यायचा आणि कडीवर आपटायचा. परत मागे जाताना रुळांवरून गुपचूप जात होता म्हणून उजवीकडे वळताना आवाज नाही. मी तो शंभरदा हलवून बघितला होता, पण रिकामा करून. आता मागच्या फळीला फेल्टचे दोन थर लावलेत, ड्रॉवर त्यावर किंचित दाबला जाऊनच बंद होतो, ओढला तरी जागचा हलत नाही. टायरच्या हवेसाठी गाडीचंही वजन करून घेतलं आणि सीटचे बोल्ट सगळे तपासले, त्याबद्दल फार आभार.

परवा अडीच तास गाडी चालवली. अर्ध्या वाटेत बाबा म्हणाले, "तुझ्या दारातली बाटली वाजतेय गं." मला ती ऐकूच आली नव्हती. मी ती त्यांच्याकडे दिली आणि त्यांनी ती पुढे सगळा वेळ मांडीवर धरून ठेवली.