गोल्फ हँडिकॅप ११ (म्हणजे मध्यम दर्जाचा हौशी खेळाडू), फोर्ज्ड ब्लेड आयर्न घ्यावेत का?

टी_मार्कर
सध्याचा संच कास्ट (ओतीव) कॅव्हिटी बॅक, म्हणजे डोक्याच्या मागे पोकळी असलेले आयर्न. ७ आयर्नचा लॉफ्ट (फेसचा, म्हणजे बॉलला लागणाऱ्या बाजूचा, कल) २९ अंश, ६ चा २६, ५ चा २३. शाफ्ट (दांडे) रेग्युलर स्टील, साधारण ९५ ग्रॅमचे. फोर्ज्ड (ठोकून घडवलेल्या) ब्लेडचा, म्हणजे पोकळी नसलेल्या पातळ डोक्याच्या आयर्नचा, एक वापरलेला संच मिळतोय, ३ आयर्न ते पिचिंग वेज. त्यात ७ आयर्न ३४ अंश, शाफ्ट डायनॅमिक गोल्ड एस ३०० (जड, कडक स्टील). खेळणं पुण्यात, म्हणजे उन्हाळ्यात फेअरवे (मधली कापलेली हिरवळ) टणक आणि पावसाळ्यात चिखल. अंतर किती घटेल, कोणत्या नंबरपर्यंत ब्लेड ठेवावेत आणि जुना संच घेताना काय तपासावं? 'फील'बद्दल भरपूर वाचून झालंय, ते सोडून बोला.

सोल_ग्राइंड
अंतराचा हिशेब आकड्यावर नको, लॉफ्टवर करा. तुमचं २९ अंशांचं ७ आयर्न म्हणजे या ब्लेड संचातलं जवळपास ६ आयर्नच (३० अंश). सोलवर (क्लबच्या तळावर) ७ लिहिलंय म्हणून दोन्ही एकाच अंतराला मारलेत तर एक क्लब, क्वचित सव्वा क्लब कमी पडणारच. त्यात ब्लेडचा दोष नाही.

खरं नुकसान फटका मधून सुटला की होतं. कॅव्हिटी बॅकमध्ये वजन कडेला पसरलेलं असतं, त्यामुळे बॉल टोकडे (फेसच्या बाहेरच्या टोकाकडे) लागला तरी फेस फारसा वळत नाही. ब्लेडमध्ये वजन मधोमध आणि डोकं लहान. टोकडे लागलेला बॉल उजवीकडे निघतो (उजव्या हाताने खेळणाऱ्यांचा) आणि आखूडही पडतो. शिवाय होसलच्या (शाफ्ट बसतो त्या मानेच्या) वजनामुळे ब्लेडचा गोड बिंदू (स्वीट स्पॉट) फेसच्या मध्यापासून थोडा हीलकडे, म्हणजे शाफ्टच्या बाजूला, सरकलेला असतो. म्हणजे टोकडे मारायची सवय असलेल्याला दुहेरी दंड.

दुसरी अडचण उंचीची. ब्लेडचा गुरुत्वमध्य वर असतो. टणक फेअरवेवर बॉल हरळीवर उभा राहत नाही, जमिनीला टेकून बसतो. तिथे थिन, म्हणजे सोलच्या धारेने बॉलच्या मध्यावर, लागला की बॉल खालून सपाट सुटतो आणि ग्रीनवर थांबत नाही.

विकत घेण्याआधी एक चाचणी करा. औषधाच्या दुकानात पायाला मारायचा पावडर स्प्रे मिळतो. तो फेसवर हलका मारा आणि ७ आयर्नने गवतावरून पंधरा बॉल मारा. दहा रुपयांच्या नाण्याएवढ्या वर्तुळात दहा-बारा ठसे पडले तर ब्लेडचा विचार करायला हरकत नाही. ठसे टो ते हील पसरले असतील तर पैसे शिकवणीवर घाला. सरावाच्या मॅटवर ही चाचणी करू नका. बॉलच्या दोन इंच मागे क्लब आपटला तरी मॅटवर तो घसरत पुढे जातो आणि फटका चांगला वाटतो. गवतावर तोच फटका फॅट, म्हणजे आधी जमिनीत.

होसल_बेंडर
एक गोष्ट आधी वेगळी करा: फोर्ज्ड आणि ब्लेड एकच नव्हेत. फोर्ज्ड कॅव्हिटी बॅकही असतात. फोर्जिंगचा प्रत्यक्ष फायदा मऊ कार्बन स्टीलचा, म्हणजे मिझुनो वापरते ते १०२५ किंवा जपानी एस२०सी. त्याची मान वाकवता येते, लॉफ्ट आणि लाय (शाफ्ट जमिनीशी करतो तो कोन) दोन्ही दोन अंशांपर्यंत बिनधास्त. तीच मान पुन्हा पुन्हा उलटसुलट वाकवली तर धातू थकतो.

या मऊपणाची दुसरी बाजूही बघा. मॅटवर वर्षानुवर्षं बडवलेल्या संचाचे लॉफ्ट अंश-दोन अंश हललेले असतात. म्हणून आधी सगळे क्लब लॉफ्ट मोजायच्या गेजवर लावा. शेजारच्या दोन क्लबांत ३ ते ४ अंश हवेत. ८ आणि ९ मध्ये दोनच अंश निघाले तर दोन्ही सारखेच जातील.

मग होसल बघा. वाकवायच्या दांड्याचे ओरखडे चालतील, क्रोममध्ये केसासारखी भेग चालणार नाही. ८, ९ आणि वेजच्या खाचा नखाने तपासा, आधी त्याच झिजतात. ७ आयर्नची लांबी ३७ इंचांच्या आसपास हवी. कापलेला असेल तर स्विंगवेट (फिरवताना डोक्याचं जाणवणारं वजन) घसरलेलं असतं: अर्धा इंच म्हणजे जवळजवळ तीन पॉइंट. दोन ग्रॅम लेड टेपने एक पॉइंट परत मिळतो, पण सहा-सात ग्रॅम टेप चिकटवलेलं डोकं बघवत नाही. खिशात लोहचुंबकही ठेवा. डोक्याला चिकटलं नाही तर ते कार्बन स्टील नाही, माल नकली. चिकटलं म्हणून अस्सल असंही नाही.

लायसाठी बॉलच्या मागच्या बाजूला मार्करने उभी रेघ ओढा, रेघ फेसकडे करून मारा. फेसवरच्या ठशाचं वरचं टोक टोकडे झुकलं तर क्लब जास्त उभा आहे आणि बॉल डावीकडे जाईल, हीलकडे झुकलं तर उलट. ही चूक वेजमध्ये सगळ्यात महाग पडते, कारण लॉफ्ट जितका जास्त तितकी दिशा जास्त बिघडते.

अंतर परत मिळवायला लॉफ्ट कमी करून घेऊ नका. ३४ चे ३१ केलेत की तीन अंश बाउन्सही (सोलला जमिनीत रुतू न देणारा कोन) गेला. ब्लेडचा सोल आधीच अरुंद, पावसाळ्यात तो कुदळीसारखा रुतेल.

बोगी_नको
माझ्या मते ३, ४ आणि ५ ब्लेड बॅगेत घालूच नका, ते घरी राहू देत. २१ ते २७ अंशांवर बॉल उंच चढवायला ब्लेड काही मदत करत नाही.

तुमच्याकडे उत्तर आधीच आहे. ब्लेड ६ (३०) ते पिचिंग वेज, त्याच्या वर जुनं कॅव्हिटी ६ (२६) आणि ५ (२३). बॅगेत दोन ६ नंबर दिसतील, दिसू देत. लॉफ्टची पायरी चार आणि तीन अंशांची पडते. ब्लेड ७ पासून सुरू करून वर थेट कॅव्हिटी ६ ठेवलंत तर ३४ आणि २६ मध्ये आठ अंशांचं भगदाड, तिथे हमखास अर्धे फटके मारावे लागतात.

खालच्या टोकालाही बघा. तुमचं सध्याचं पिचिंग वेज ४४ च्या आसपास असेल, ब्लेडचं ४६-४७ निघेल. त्याखाली ४९ चं गॅप वेज असेल तर ते निरुपयोगी. ५१ किंवा ५२ आणि मग ५६ ठेवा.

शाफ्टबद्दल मात्र कडक बोलतो. एस ३०० कापण्याआधी १३० ग्रॅमचा. तुमच्या ९५ च्या शेजारी तो ठेवलात तर एकाच बॅगेत स्विंगचे दोन टेम्पो (लयी), आणि शेवटच्या चार होल्सना हात खाली येत नाहीत.

टी_मार्कर
मग ब्लेडमध्येच ९५ चे शाफ्ट बसवले तर? आणि पावसाळ्यात गंज?

होसल_बेंडर
बसतील, पण टिप (शाफ्टचं खालचं टोक) तपासा. फोर्ज्ड ब्लेडला बहुधा ०.३५५ इंची टेपर (निमुळती टिप) लागतो. ०.३७० पॅरलल (सरळ टिप) आत जाणारच नाही, आणि होसल ड्रिल करून रुंद करू देऊ नका, मानेची भिंत पातळ होते. जुना शाफ्ट काढताना हीट गन वापरायला सांगा. ज्योत लावली की क्रोम पिवळं-निळं पडतं. नवीन इपॉक्सी लावल्यावर पूर्ण २४ तास क्लबला हात लावायचा नाही. हलक्या शाफ्टने स्विंगवेट कमी होईल, ते डी १ किंवा डी २ ला आणायला होसलमध्ये टिप वेट घाला, म्हणजे टेप दिसणार नाही.

क्रोम शाबूत असेल तर गंजाची काळजी नको. पोपडा उडाला की मात्र तो क्रोमच्या आतून पसरतो. राउंडनंतर नायलॉन ब्रशने खाचा साफ करा, तारेचा ब्रश नको. ओले आयर्न कव्हर घालून गाडीच्या डिकीत ठेवू नका. बिनक्रोमचा रॉ संच असेल तर जून ते सप्टेंबर दर राउंडनंतर शिलाई मशीनच्या तेलाचं बोट फिरवा आणि पुढच्या राउंडला पहिल्या टीवर (सुरुवातीच्या जागी) जाण्याआधी फेस कोरडा पुसा, नाहीतर पहिल्या दोन फटक्यांना स्पिन मिळणार नाही.