जपानी ठसाचित्रांत 'मूळ प्रत' कशाला म्हणायचं?

प्रश्न: जपानी लाकडी ठशांवर छापलेल्या निसर्गचित्रांविषयी लेख लिहितेय. 'ओरिजिनल प्रिंट'ला मराठीत काय म्हणावं? 'मूळ चित्र' म्हटलं की कुंचल्याने काढलेलं एकच चित्र डोळ्यांपुढे येतं, 'प्रत' म्हटलं की झेरॉक्स. शिवाय 'काष्ठमुद्रा' बरं की 'ठसाचित्र'?

– ठसाचित्र. कापड छापणाऱ्यांमुळे 'ठसा' सगळ्यांना कळतो; काष्ठमुद्रा परीक्षेच्या पेपरातली वाटते. फक्त 'शिळाछाप' लिहू नका. ते दगडावरचं तंत्र, राजा रविवर्म्यांच्या छापखान्यातलं.

– 'मूळ चित्र' तर नकोच, कारण ते उरतच नाही! चित्रकाराचं पातळ कागदावरचं रेखाटन चेरीच्या फळीवर पालथं चिकटवतात आणि कोरणारा त्याच्यासकट लाकूड कोरतो. छापणारा तिसराच, पैसा घालणारा प्रकाशक चौथा. म्हणजे त्या फळ्यांवरून निघालेला प्रत्येक कागद मूळच. संग्राहक विचारतो ते वेगळं: छपाई कधीची? त्यासाठी मी 'आरंभीची छपाई', 'नंतरची छपाई' आणि नव्या फळ्या कोरून केलेली 'फेरकोरीव' असे शब्द वापरतो. ऑफसेटवर काढलेली ती नुसती प्रतिकृती, मग चौकट कितीही भारी असो.

एकोणिसाव्या शतकातला चित्रकार होकुसाई, त्याची प्रसिद्ध लाट (१८३१च्या सुमारास) घ्या. डावीकडे वर शीर्षकाची चौकट आहे. फळी झिजत गेली तशी तिची रेघ तुटत गेली. ती तुटकी दिसली की छपाई नंतरची. ही लाट फुजी पर्वताच्या दृश्यांच्या मालिकेतली. त्याच मालिकेतला 'लाल फुजी' आरंभीच्या छपाईत बराच फिका, गुलाबीसर असतो. पोस्टरवरचा भडक तांबडा पाहून डोळे सरावलेल्यांना अस्सल कागदच नकली वाटायचा. (मालिकेच्या नावात ३६ दृश्यं, चित्रं मात्र ४६. खप झाला, दहा वाढवली.)

प्रश्न: आणि 'बोकाशी'? होकुसाईच्याच काळातल्या हिरोशिगे या चित्रकाराच्या आकाशात वरचा गडद निळा पट्टा खाली फिका होत जातो, तो.

– 'बोकाशी' तसाच ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे 'रंग विरत नेणे' एवढं जोडा. ते कोरलेलं नसतं. छापणारा ओलसर फळीवर ब्रशने दर वेळी हाताने रंग विरवतो, म्हणून दोन कागदांवरचं आकाश तंतोतंत सारखं नसतं. 'छटा' लिहिलंत तर ही हाताची करामत हरवते.

– विसाव्या शतकावर लिहिणार असाल तर 'जिझुरी' लागेल. हिरोशी योशिदा या निसर्गचित्रकाराच्या कागदांवर डाव्या समासात हा शिक्का असतो. शब्दशः 'स्वतः छापलेले', पण 'स्वहस्ते' लिहू नका. कारागीर त्याच्या पदरी होते. 'चित्रकाराच्या देखरेखीखालची छपाई' हेच खरं. त्याच्या मृत्यूनंतरच्या (१९५०) छपाईवर हा शिक्का नसतो आणि किमतीत मोठा फरक पडतो. हा गृहस्थ १९३०-३१मध्ये भारतात फिरला होता. ताजमहालाबरोबर अजिंठा-वेरूळचीही ठसाचित्रं केली. लेखात तेच उदाहरण घ्या, वाचकाला जागा ओळखीची असेल.

– त्याच काळातला निसर्गचित्रकार हासुई, त्याचं आरंभीचं काम घेणार असाल तर एक भानगड सोपी आहे. त्याचा प्रकाशक वातानाबे, त्याचं दुकान १९२३च्या टोकियोतल्या भूकंपानंतरच्या आगीत फळ्यांसकट जळालं. जळालेल्या फळ्यांची 'नंतरची छपाई' संभवतच नाही. भूकंपापूर्वीची तरी असेल, नाहीतर फेरकोरीव.