कोशात ‘एन्ट’: कोशकार पंच की नोंदणी कारकून?

अवग्रह: इंग्रजी कोशांनी पंचगिरी सोडली ती १९६१ साली. वेब्स्टरच्या थर्ड इंटरनॅशनल या अमेरिकी कोशात संपादक फिलिप गोव्ह यांनी ‘कलोक्वियल’ (बोलण्यातला) हा शब्दापुढचा शेराच रद्द केला. १९३४च्या आवृत्तीत ‘एन्ट’वर (ain't, म्हणजे ‘इज नॉट’, ‘अॅम नॉट’चं बोलीरूप) ‘अशिक्षित’ असा शिक्का होता. नव्या आवृत्तीत काय, तर अनेक सुसंस्कृत लोकही बोलताना वापरतात! इंग्रजी शिकून वापरणाऱ्याने मग अर्जात काय लिहायचं?

जुनं_पान: नोंद पुरती वाचा की. अनेकांना नापसंत, कमी शिकलेल्यांच्या बोलण्यात जास्त, हेही तिथेच छापलंय. बोभाटा झाला तो प्रकाशकाच्याच प्रसिद्धिपत्रकामुळे. त्यांनी नेमका ‘एन्ट’च मिरवला आणि साडेचार लाख शब्दांचा ग्रंथ त्या एका शब्दापायी बदनाम झाला.

अवग्रह: लोकांना निवाडा हवा होता, म्हणूनच १९६९ला अमेरिकन हेरिटेज कोश आला. शंभरेक लेखक-संपादकांचं मंडळ वादग्रस्त प्रयोगांवर मत देई.

जुनं_पान: आणि ते मंडळ स्वतः तरी कुठे ठाम राहिलं? ‘कॉन्टॅक्ट’ क्रियापद म्हणून (‘संपर्क साधणे’) १९६९मध्ये ३४ टक्क्यांना चाललं, २००४मध्ये ९४ टक्क्यांना. २०१८ला मंडळच गुंडाळलं.

तळटीप: दोघेही शेऱ्यांची सरमिसळ करताय. ‘इन्फॉर्मल’ म्हणजे मित्राला चालेल, अहवालात नको. ‘नॉनस्टँडर्ड’ म्हणजे प्रमाण लेखनात चूकच धरतील. मेरियम-वेब्स्टरमध्ये ‘इररिगार्डलेस’ला (‘रिगार्डलेस’ऐवजी वापरतात तो) हाच शेरा आहे. ‘स्लँग’ एका गटापुरतं, बरेचदा अल्पायुषी. ‘लिटरली’चा (मूळ अर्थ ‘शब्दशः’) अतिशयोक्त वापर १७६९पासून सापडतो, तेव्हा नव्या पिढीला दोष देऊ नका. पण ताळेबंदावरच्या टिपणात ‘कंपनी लिटरली बुडाली’ लिहाल, तर वाचणारा दिवाळंच समजेल. जिथे शब्दशः अर्थही शक्य असतो तिथे हा शब्द घात करतो. तसंच आपलं ‘पास्ड आउट इन २०१९’. भारतात पदवी, लंडन-न्यूयॉर्कात शुद्ध हरपली. तिथे ‘ग्रॅज्युएटेड’ लिहा.

जुनं_पान: हेच तर म्हणतोय. कोशाने वापर नोंदवला, शेरा लावला. पुढची निवड लिहिणाऱ्याची.

अवग्रह: ‘लिटरली’ची वापरटीप अर्थांच्या खाली असते. घाईतला माणूस अर्थ पाहून पान बंद करतो. शेरा आधी, ठळक छापा. मग खुशाल हवं ते नोंदवा.