कमांडो कॉमिक्स अजून का वाचतात लोक?

भटका_पुणेकर:
मंडळी, दादाच्या कपाटात कमांडो कॉमिक्सचा (ब्रिटिश युद्धकथांची चित्रपुस्तकं) गठ्ठा सापडला, ती छोट्या साइजची, कव्हरवर खंजीर असलेली. चार-पाच सलग वाचली आणि खरं सांगायचं तर सगळ्यांची गोष्ट एकच वाटली. ब्रिटिश शूर, जर्मन ओरडतायत, शेवटी धडाम. दादा पन्नाशीला आलाय तरी मिळेल तिथून अजून घेतो. आणि १९६१ ला सुरू झालेलं हे प्रकरण अजून छापतायत, म्हणजे नवे-जुने मिळून दर पंधरा दिवसांनी चार अंक, २०१७ लाच पाच हजारावा अंक होऊन गेला. लहानपणीच्या आठवणी सोडून दुसरं काही कारण आहे का यात? खवचटपणा नाही, खरंच विचारतोय.

रद्दी_डेपो:
गोष्ट एकच आहे हे मान्य, पण कुठली ते नीट बघ की. शत्रू बऱ्याचदा निमित्ताला असतो, खरी मारामारी आपल्याच पलटणीतल्या दोघांची. एकाला वाटतं दुसऱ्याने डंकर्कच्या माघारीत माझ्या भावाला टाकून पळ काढला, नाहीतर सार्जंट नव्या लेफ्टनंटला जुमानत नाही, नाहीतर कुणावर भित्रा म्हणून शिक्का बसलेला. मग दोघं एकाच टँकमध्ये अडकतात आणि साठ-पासष्ट पानांत हिशोब चुकता, क्रमशः वगैरे भानगड नाही. भाऊबंदकीत वाढलेल्या आपल्या लोकांना हे वेगळं समजावायला लागत नाही :)
आणि सुरुवात कमांडोने केली नाही हां, फ्लीटवे प्रकाशनाची वॉर पिक्चर लायब्ररी १९५८ ची. डंडीच्या डी. सी. थॉमसन प्रकाशनाने कमांडो काढलं ते नंतर. तेव्हाचे लिहिणारे-काढणारे बरेच जण स्वतः सैन्यात राहून आलेले, त्यामुळे चहा, चिखल, वरिष्ठांना घातलेल्या शिव्या (सभ्य भाषेत) हे सगळं खरं वाटतं, मग प्लॉट कितीही फिल्मी असू दे.

शाईचे_डाग:
अरे चित्रं बघा ना चित्रं! कव्हरवर चित्रकार इयन केनेडीचं विमान असलं की मी आत काय आहे ते न बघता घ्यायचो. आत सगळं काळं-पांढरं, पानावर दोन-तीनच चौकटी, त्यामुळे काळ्या शाईला मोकळं रान मिळतं, रात्रीच्या हल्ल्याची पानं काढून बघा. यातले कित्येक चित्रकार ब्रिटिश नव्हतेच, इटली, स्पेन, अर्जेंटिना इथून काम करून घ्यायचे. ह्यूगो प्राटसारखा नावाजलेला इटालियन चित्रकार फ्लीटवेसाठी युद्धकथा काढायचा. आणि कमांडोत कित्येक वर्षं ना लेखकाचं नाव ना चित्रकाराचं, हा अन्यायच.

खंदक_१९१६:
कमांडोवरच थांबू नका. 'बॅटल' या ब्रिटिश साप्ताहिकात १९७९ पासून आलेली चार्लीज वॉर ही चित्रमालिका वाचा, पॅट मिल्सचं लेखन आणि जो कोल्हूनची चित्रं. चार्ली बोर्न सोळा वर्षांचा पोरगा, वय लपवून भरती होतो आणि पोचतो थेट पहिल्या महायुद्धातल्या सोमच्या लढाईत. घरी चुकीच्या स्पेलिंगची पत्रं पाठवतो आणि पत्राशेजारच्या चौकटीत खरं काय चाललंय ते दिसतं. शूरबीर काही नाही, वरचे अधिकारी माणसं मारायला पाठवतायत. पोरांच्या साप्ताहिकात हे छापलं याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

माणगावची_पोर:
वाचायला मलाही आवडतं, पण जपानी कसे दाखवलेत ते बघून कधीकधी पुस्तक मिटून ठेवते. आणि आपले लोक कुठायत? मी वाचलेल्यात गुरखा एखाद-दुसरा, मराठा एकही नाही. नाईक यशवंत घाडगे, १० जुलै १९४४, इटली. सेक्शनमधले बाकीचे सगळे पडलेले, हा माणूस एकटा मशीनगनवर धावला, ग्रेनेड टाकला, मॅगझीन बदलायला वेळ नव्हता म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना झोडपलं आणि मग स्नायपरच्या गोळीने गेला. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस (ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक), पुतळा आमच्या माणगावात आहे. आयती स्टोरी पडलीय, काढा म्हणावं.

रद्दी_डेपो:
@माणगावची_पोर हे भारी! त्यात पलटणीतलं एक जुनं भांडण घुसडलं की झाला अंक तयार.

भटका_पुणेकर:
भांडणाचं आत्ता पटलं, गठ्ठ्यातल्या तीन गोष्टींत तेच होतं आणि मी विमानंच बघत बसलो. चार्ली कुठून सुरू करू?

खंदक_१९१६:
रिबेलियन प्रकाशनाने चार्लीज वॉरचे जाड खंड काढलेत, पहिल्यापासून घे. मधूनच उचलू नकोस, आणि दादाला आधी देऊ नकोस, परत मिळणार नाही.