मॅकिनेशन आणि मॅकियाव्हेली

इंग्रजी 'मॅकिनेशन' म्हणजे कारस्थान, हे बरोबर. पण तो शब्द मॅकियाव्हेली या इटालियन राजकीय विचारवंताच्या नावावरून आला, असं कुणी म्हणतं, ते मात्र पटण्यासारखं नाही. त्याचं 'द प्रिन्स' हे पुस्तक छापून आलं १५३२ मध्ये. हा शब्द इंग्रजीत पंधराव्या शतकापासूनच आहे. मूळ लॅटिन 'माकिना', म्हणजे यंत्र किंवा युक्ती, आणि त्यामागे ग्रीक 'मेखाने'. ग्रीक नाटकात देवाचं काम करणाऱ्या नटाला दोराला लटकवून रंगमंचावर उतरवणारी लाकडी यारी असे, तिलाही मेखानेच म्हणत. आपलं 'मशीन' त्याच घरातलं.

मला खरा आनंद झाला तो आपला 'षड्यंत्र' आठवल्यावर. त्यातही यंत्र आहेच की! दोन्ही भाषांना कपट म्हटल्यावर यंत्रच सुचावं, हे फार विलक्षण वाटतं.